आजीच्या वाटणीचं बिल कुणी भरायचं?

मनिलात राहायला आले तेव्हा पहिले दोन-तीन महिने एक गोष्ट मला कळतच नव्हती. रविवारी कुठल्याही मॉलमधे जेवायला बसा, बिल मागवलं की वेटर आधी टेबलावरून एक नजर फिरवतो आणि हळूच विचारतो, "सीनियर पो?" पो हा इथला आदराचा शब्द, आपण अहो-जाहो करतो तसा वाक्यात मधे किंवा शेवटी लावतात. मग त्या टेबलावरची आजी, जी एवढा वेळ नातवाला चिकनचं हाड काढून देत असते, ती हात पुसते, पर्स उघडते आणि एक कार्ड काढून टेबलावर ठेवते. मला वाटायचं वय कशाला विचारतात हे लोक, जेवणाच्या बिलाशी वयाचा काय संबंध.

संबंध आहे आणि तो कायद्याने जोडलाय. फिलिपिन्समधे साठी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला रेस्टॉरंटच्या बिलात त्याच्या वाटणीवर २० टक्के सूट मिळते, वर १२ टक्के व्हॅट माफ. औषधं, दवाखाना, बस, बोट, विमान यांवर तर सूट आहेच, ते समजू शकतं कुणालाही. पण मला खरं अप्रूप वाटलं ते याचं की हॉटेलात जेवणं, सिनेमा बघणं, करमणुकीच्या जागी जाणं हे सगळं त्याच यादीत आहे, औषधांच्या शेजारी, आणि ते नंतर कुणी निवडणुकीच्या तोंडावर घुसडलेलं नाही, १९९२ च्या मूळ कायद्यातच, म्हणजे रिपब्लिक ॲक्ट ७४३२ मधेच, रेस्टॉरंट आणि रिक्रिएशन सेंटर आहेत.

मला म्हणायचंय ते एवढंच, की म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडून चार माणसांत बसून जेवणं ही त्याची गरज आहे हे या देशाने कायद्यात लिहून टाकलं, आणि ते बरोबर केलं, आणि आपण महाराष्ट्रात याचा विचार करायला पाहिजे. फक्त त्याचा खर्च त्यांनी ज्याच्या गळ्यात घातलाय तो चुकीचा माणूस आहे, ती चूक आपण करू नये. आता सविस्तर सांगते.

ऑफिसातली माझी एक मैत्रीण आहे, वयाने मोठी म्हणून मी तिला आते म्हणते, म्हणजे ताई, आपल्या आत्याशी त्याचा काही संबंध नाही. तिच्या आईच्या, म्हणजे घरातल्या लोलाच्या (लोला म्हणजे आजी) चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाला मला बोलावलं होतं. घरी काही नव्हतं, सगळे मॉलमधल्याच एका साध्या फिलिपिनो रेस्टॉरंटमधे, आम्ही आठ जण. आल्या आल्या नातवंडांनी एकेक करून लोलाचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला, इथे त्याला मानो म्हणतात, आपण वाकून नमस्कार करतो तसंच. मग मधोमध पानसितची परात आली, लांबलचक नूडल्स, वाढदिवसाला ते असायलाच लागतात कारण लांब नूडल्स म्हणजे लांब आयुष्य, त्यामुळे ते तोडायचे नाहीत, चमच्याने कापायचे तर अजिबात नाहीत. आतेचा भाऊ दुबईला असतो, तो फोनवर, आणि फोन पाण्याच्या जगला टेकवून अशा कोनात ठेवलेला की त्याला लोला दिसावी. फिलिपिन्समधलं हे चित्र तुम्हाला दर रविवारी शेकड्याने दिसेल, मधली पिढी आखातात नाहीतर हाँगकाँगला नाहीतर जहाजावर, आणि टेबलावर आजी-आजोबा नि नातवंडं.

बिल आलं ४,४८० पेसोचं, सर्व्हिस चार्ज सोडून. आठ माणसं, म्हणजे माणशी ५६०. लोला आणि तिची धाकटी बहीण या दोघी सीनियर. त्यांच्या वाटणीच्या ५६० मधून आधी व्हॅट काढला, राहिले ५००, त्यावर २० टक्के म्हणजे १०० गेले, उरले ४००. एकेकीमागे १६० वाचले, दोघींचे मिळून ३२०. ही सगळी आकडेमोड कॅशियरच्या मशीनवर होते आणि पावतीवर त्यांचं नाव नि कार्डाचा नंबर छापून येतो, खाली त्या सही करतात.

मी लोलाकडे बघत होते. तिने सही केली, पेन परत दिलं, आणि पावती उलटी करून आतेला दाखवली, त्या ३२० वर बोट ठेवून. काही बोलली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण माझ्या आजीच्या चेहऱ्यावर ते मी लहानपणी बघितलंय, गावाहून येताना ती पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून आमच्या हातात ठेवायची तेव्हा. आपण नुसते घ्यायला आलेलो नाही, आपणही काहीतरी आणलंय.

पैसे वाचतात तो भाग आहेच, पण त्या सुटीचा मोठा गुण मला हा वाटतो की ती म्हाताऱ्या माणसाला टेबलावर वजन देते. तो ओझं म्हणून येत नाही. आणि दुसरं म्हणजे सगळे मिळून बसून जेवतात तेव्हा सूट मिळायला तो माणूस तिथे हजर असावा लागतो, कार्ड नातवाच्या खिशात घालून आजीला घरी ठेवून चालत नाही. (पार्सल आणि ऑनलाईन ऑर्डरचे नियम वेगळे आहेत, त्यात पळवाटा निघतातच.) म्हणजे कायद्याने नकळत असं करून ठेवलंय की आजीला बरोबर न्यायला घरच्यांना एक कारण मिळावं. यावर एक मराठी ओळखीचे मला म्हणाले, म्हणजे काय, डिस्काउंटसाठी आईला नेतात की काय. असतील तसेही काही. मला त्यात वाईट वाटत नाही. ती बाहेर पडली, चार तास एसीत बसली, नातवंडांच्या गोंगाटात जेवली, आवडीचं मागवलं, हे खरं घडलं ना. घरच्यांच्या मनात शंभर टक्के शुद्ध प्रेम असल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडायचं नाही असा नियम केला तर बहुतेक जणी घरातच राहतील.

आणि आपल्याकडे त्या राहतातच. आपल्याकडचा रविवार आठवून बघा. सगळे हॉटेलात निघालेत, मुलं तयार होऊन पायरीवर उभी, आणि आई किंवा सासूबाई म्हणतात, "मला नको रे, तुम्ही जा. मी आपली दूधपोळी खाईन." आणि आपण एकदा आग्रह करतो, "चला ना," दुसऱ्यांदा जरा कमी आवाजात, आणि मग जातो. येताना त्यांच्यासाठी पार्सल आणतो, ते फ्रीजमधे जातं. मी स्वतः हे केलंय, कितीतरी वेळा, म्हणून अधिकाराने लिहितेय. आपण असं धरून चालतो की त्यांना खरंच नकोय. माझ्या आईला विचारलं मी नंतर सरळ, की तू का येत नव्हतीस, तर तिने तीन कारणं सांगितली. एक, एवढे पैसे माझ्यावर कशाला. दोन, मला लागतं थोडं आणि पूर्ण प्लेट मागवावी लागते, उरलं की जीव जळतो. तीन, जिना. आपल्याकडच्या निम्म्या हॉटेलात फॅमिली रूम वरच्या मजल्यावर असते, एसी तिकडेच, आणि जिना असा की तरुण माणसाने पण कठड्याला धरावं. ज्यांच्या नावाने ती खोली फॅमिली रूम झाली त्या फॅमिलीतलं सगळ्यात मोठं माणूस तिथे चढूच शकत नाही.

या तिन्हीत कुठेही "मला बाहेरचं आवडत नाही" हे नव्हतं.

गेल्या वर्षी आई इकडे महिनाभर राहून गेली. आम्ही रत्नागिरीचे, मासे खाणारे, त्यामुळे तिचे जेवणाचे हाल झाले नाहीत, शाकाहारी माणसाला इथे फार जड जातं ते आधीच सांगून ठेवते. सिनिगांग तिला इतकं आवडलं की बस, चिंचेचं आंबट पाणीदार कालवण, त्यात कोलंबी आणि कांगकोंग, कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजी. नारळाच्या दुधातलं ताट बघून तर म्हणाली हे आपलंच आहे, फक्त मसाला विसरलेत. भात तर तिन्ही त्रिकाळ, इलोइलोहून निघालेल्या एका चिकनच्या साखळीने भात पाहिजे तेवढा ही स्कीम देशभर नेली आणि तिथे वाढपी भाताचं भांडं घेऊन टेबलाटेबलाशी फिरतो, हे बघून आई म्हणाली, "पंगत आहे ही."

तर तिलाही प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "सीनियर पो, लोला?" ती नागरिक नाही त्यामुळे तिला सूट मिळत नाही, ते योग्यच आहे, तो त्यांचा कायदा त्यांच्या माणसांसाठी आहे. पण विचारलं जाणं तिला आवडायचं. पहिल्यांदा मला म्हणाली, काय विचारतोय? मी सांगितलं. तर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे इथे म्हातारी माणसं हॉटेलात येतात हे सरकारला माहिती आहे.

मला वाटतं अख्ख्या कायद्याचं सार त्या वाक्यात आहे.

२०२० च्या जनगणनेत फिलिपिन्समधे साठीच्या पुढची माणसं ९२ लाखांवर होती, लोकसंख्येच्या साडेआठ टक्के. तरुण देश आहे तसा. म्हणजे म्हाताऱ्यांची संख्या फार झाली म्हणून नाइलाजाने केलेलं हे नाही. १९९२ मधे वर्षाला ६० हजार पेसोपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाच सूट होती, पुढच्या दुरुस्तीत ती अट काढली, २०१० च्या रिपब्लिक ॲक्ट ९९९४ ने व्हॅटही माफ केला. त्याच्या बऱ्याच आधी, १९८३ मधे, सार्वजनिक इमारतींना रॅम्प-कठडे वगैरे लागतील असा वेगळा कायदा झाला होता, तो सगळीकडे पाळला जातो असं मी म्हणणार नाही, फुटपाथची अवस्था इथेही वाईटच आहे, पण मॉलमधे पाळला जातो आणि म्हणून लोला मॉलमधे जाते. मनिलाच्या मॉलना लोक नावं ठेवतात, की शहरात बागा नाहीत म्हणून सगळे मॉलमधे कोंबले जातात, ते खरंही आहे, लुनेता नावाची बाग सोडली तर सहज जाऊन बसावं अशी मोठी मोकळी जागा मनिलात शोधावी लागते. पण चौतीस डिग्री उन्हात आणि दमट हवेत सत्तरीच्या बाईला सपाट जमीन, स्वच्छ संडास, बसायला बाक आणि रविवारची प्रार्थना, हे सगळं एका छपराखाली मिळतं, कारण बऱ्याच मॉलमधे मिस्साही होतो, आणि मिस्सा संपला की तिथूनच जेवायला. मकाटीसारख्या शहरात तर तिथल्या रहिवासी सीनियरना सिनेमा फुकट असतो आणि वाढदिवसाला महापालिकेकडून केक.

आता दुसरी बाजू, आणि ही बाजू मला तितक्याच तळमळीने मांडायची आहे कारण इथे राहून ती बघितलीय.

तागायताय म्हणून डोंगरावरचं गाव आहे, मनिलापासून साठेक किलोमीटर, खाली ताल सरोवर आणि त्यात ज्वालामुखी. मनिलाकरांचं लोणावळाच म्हणा. रविवारी आख्खी व्हॅन करून जायचं, लोला पुढच्या सीटवर, थंड हवेत बुलालो नावाचा गरम रस्सा प्यायचा, येताना शहाळ्याच्या खोबऱ्याचा 'पाय' नावाचा बेकरीतला गोड पदार्थ घ्यायचा. जानेवारी २०२० मधे ज्वालामुखी फुटला तेव्हा राख पडून हे सगळं ठप्प झालं, मग लगेच कोविड, तिथल्या छोट्या खाणावळवाल्यांनी काय सोसलं असेल ते त्यांनाच माहीत. तिथल्या एका खाणावळीत आम्ही दोन-तीनदा गेलोय, मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर बसतात, वय पन्नाशीचं. तिसऱ्या वेळी ओळख झाली तेव्हा म्हणाल्या, माझ्याकडे मनिलाहून सहलीच्या व्हॅन येतात, एकेका टेबलावर पाच-पाच, सहा-सहा कार्डं, आणि मी नाही म्हणू शकत नाही, म्हणायचंही नाहीये मला, माझीही आई आहे, पण हे २० टक्के सरकार मला देत नाही, हे माझ्या भाड्यातून जातात.

त्या म्हणत होत्या ते खरं आहे आणि त्याच्यामागे कायद्यातला एक बदल आहे जो बाहेरच्या माणसाला कंटाळवाणा वाटेल, पण सगळी मेख तिथे आहे. १९९२ च्या कायद्यात दुकानदाराने दिलेली सूट त्याला करात जशीच्या तशी परत मिळायची, म्हणजे १०० पेसो सूट दिली तर भरायच्या करातून १०० वजा, टॅक्स क्रेडिट. पुढच्या दुरुस्तीत ते बदलून फक्त खर्च म्हणून वजावट केली. आता १०० पेसो सूट दिली तर तेवढ्याने नफा कमी दाखवता येतो, आणि कंपनीचा कर २५ टक्के धरला तर कर वाचतो २५ पेसो. उरलेले ७५ मालकाचे गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २००७ मधे औषधवाल्यांचं आणि २०१३ मधे पुन्हा दुसऱ्या धंद्यांचं, आणि दोन्ही वेळा कोर्टाने कायदा योग्य ठरवला, की समाजाच्या भल्यासाठी सरकार धंद्यांवर असा भार टाकू शकतं.

कोर्टाचं कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. मला ते न्यायाचं वाटत नाही. आजीला मान द्यायचा हे सगळ्या समाजाने ठरवलं ना, मग पैसे सगळ्या समाजाने द्यायला पाहिजेत. मोठ्या साखळीला ७५ पेसोने काही होत नाही, ती आधीच चिकनच्या किमतीत दोन-चार पेसो वाढवून बसलेली असते, म्हणजे शेवटी ते पैसे तरुण गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात आणि कुणाला कळतही नाही. पण तागायतायच्या मालकीणबाईंना किंमत वाढवता येत नाही, शेजारी आणखी दहा खाणावळी आहेत. गल्लीतल्या कारिंदेरियाचं तर बोलायलाच नको, कारिंदेरिया म्हणजे काचेच्या मागे दहा पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचं आणि ताट घ्यायचं, तिथली बाई पहाटे चारला बाजार करून येते, तिच्याकडे साठ-सत्तर पेसोच्या ताटावर कुठली लोला कार्ड काढत नाही, निदान मी तरी काढताना बघितलेलं नाही. हक्क असूनही काढत नाहीत. एक म्हातारी बाई दुसऱ्या राबणाऱ्या बाईकडून ते घेत नाही, आणि हे शहाणपण कायद्यात नाही, लोकांत आहे.

आणि पैसे चुकीच्या खिशातून काढले की माणसं वाकड्यात शिरतात. एका बड्या कॉफीच्या साखळीने जानेवारी २०२४ मधे दुकानात पाटी लावली होती की सूट एका वेळी एक खाण्याची वस्तू आणि एक पेय एवढ्यावरच. केवढा गदारोळ झाला, संसदेपर्यंत गेलं, माफी मागून पाटी काढावी लागली. त्याच वर्षी रेस्टॉरंटवाले उलट तक्रार घेऊन उभे, की अपंगांची कार्डं, ज्यांच्यावर अशीच २० टक्के सूट मिळते, ती खोटी बनवून लोक सर्रास वापरतायत. दोन्ही गोष्टी वाचताना मला खरंच वाईट वाटलं, कारण यात नुकसान होतं ते खरं कार्ड घेऊन आलेल्या माणसाचं, त्याच्या कार्डाकडे कॅशियर संशयाने बघायला लागतो. ज्या प्रश्नात "सीनियर पो?" असा गोडवा होता तो चौकशीसारखा व्हायला लागतो.

तिसरी गोष्ट गरिबांची. ज्याच्याकडे हॉटेलात जायला पैसेच नाहीत त्याला २० टक्के सूट काय कामाची? मनिलात जुलै २०२५ मधे किमान मजुरी दिवसाला ६९५ पेसो झाली, आणि माझ्या त्या हिशेबात एका माणसाची थाळी ५६० ला पडली होती, बघा विचार करून. अगदी निराधार वृद्धांना सरकार महिन्याला १,००० पेसो देतं, २०२२ च्या कायद्याआधी तर ५०० च होते. त्यातून कोण मॉलमधे जेवतंय? म्हणजे जितकं जास्त खर्च करू शकता तितकी जास्त सूट, हे उलटं झालं. हा आक्षेप मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. पण यावरून सूटच बंद करा असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही, कारण मग मधल्या थरातली लोला पुन्हा घरी बसेल आणि गरीब लोला आधीपासून घरी आहेच, तिला काय मिळालं? पेन्शन वाढवा. सूटही ठेवा. सुटीचे पैसे करातून परत करा.

आता आपल्याकडे वळते, कारण हे सगळं मी मराठीत लिहितेय ते त्यासाठीच. जून २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समधे चौदा दिवस व्हिसाशिवाय येता येतं, त्यामुळे ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतात काय काय बघायचं, सगळ्यांना बोराकाय आणि एल निदो पाहिजे, जरूर बघा, समुद्र सुंदरच आहे. पण एक रविवार दुपार मनिलाच्या मॉलमधे काढा आणि टेबलं मोजा, किती टेबलांवर पिकलेले केस आहेत ते बघा. मग परत गेल्यावर आपल्या गावात तेच मोजा.

प्रवासाचं आपल्याला कळलंय, त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि त्यानंतर आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका बहिणीकडे जायला लागल्या, गणपतीपुळ्याला जायला लागल्या, माझी मावशी तर नुसती चिपळूणला जाऊन चहा पिऊन येते, ही अतिशयोक्ती नाही. कुणी म्हणालं नाही की या वयात कशाला हिंडायचं. म्हणजे पैशाची अडचण काढली की इच्छा बाहेर येते, ती नव्हती असं कधीच नव्हतं. रेल्वेने मात्र मार्च २०२० मधे ज्येष्ठांची सवलत काढून घेतली ती अजून दिलेली नाही, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के मिळायची. कोविडमधे म्हाताऱ्यांनी प्रवास करू नये म्हणून काढली असं तेव्हा सांगितलं, कोविड गेला, सवलत आली नाही.

पण खाण्याचं काय? ती मावशी चिपळूणला उतरून काय खाते? घरून डबा नेते, स्टँडवर चहा घेते, चहाचे पैसे हातात मोजून. एसटीचे अधिकृत थांबे आहेत, कॅन्टीन आहेत, सरकारी पर्यटन महामंडळाची निवासं आणि उपाहारगृहं आहेत, सुरुवात तिथून करता येईल, खाजगी हॉटेलवाल्यांना हातही न लावता. साठीच्या पुढच्याला ताटावर ठरावीक सूट, आणि अर्धं ताट अर्ध्या किमतीत, हे दुसरं तर मी फार आग्रहाने सांगेन कारण आईचं दुसरं कारण तेच होतं. कार्डं नवीन काढायला नकोत, एसटीत सवलतीसाठी जे दाखवतात तेच चालेल. आणि कॅन्टीनचा ठेकेदार जी सूट देईल ती त्याच्या भाड्यातून किंवा करातून पूर्ण वळती करायची, शंभरच्या शंभर.

लोक म्हणतील पैसे कुठून आणणार. शिवभोजन थाळी आपणच सुरू केली ना, २६ जानेवारी २०२० ला, दहा रुपयात, वरचे पैसे सरकार केंद्रचालकाला देणार असं ठरवून. तत्त्व अगदी बरोबर होतं, खाणाऱ्याने दहा द्यायचे, वाढणाऱ्याला त्याचे पूर्ण मिळायचे, मधला फरक सगळ्यांनी मिळून भरायचा. पुढे केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या आल्या, त्या वाचून मला तागायतायच्या मालकीणबाईच आठवल्या. कागदावर टॅक्स क्रेडिट लिहून पैसे वर्षानुवर्षं द्यायचे नाहीत, तर त्यांच्या नि आपल्या पद्धतीत फरक तो काय राहिला. म्हणून मी ठेकेदाराच्या भाड्यातून वळती करायचं म्हणते, म्हणजे त्याला सरकारच्या दारात हेलपाटे मारायला नकोत, त्याने भरायचं तेच कमी भरायचं.

अजून एक आक्षेप मला माझ्याच चुलत्यांनी घेतला, ते नाना म्हणाले, "अगं, आपल्याकडे म्हाताऱ्यांना घरात मान आहे, त्यांना हॉटेलच्या कुपनाची गरज काय?" नानांचा मी खूप आदर करते पण हे मला पटलेलं नाही. फिलिपिनो घरातही मान आहे, हात कपाळाला लावतात. त्यांनी घरातल्या मानाच्या भरवशावर बाहेरची सोय सोडून दिली नाही, एवढाच मुद्दा आहे. आणि नाना स्वतः काकू गेल्यापासून कुठेही जेवायला बाहेर पडलेले नाहीत, घरात त्यांना ताट वाढून मिळतं, खोलीत मिळतं, वेळेवर मिळतं, एकट्याने खातात.

आई परत गेली त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी भावाचा फोन आला. म्हणाला, आम्ही बाहेर निघतोय जेवायला आणि आई म्हणतेय मी येते. मी म्हटलं मग? म्हणाला, विचारतेय तिथे जिना आहे का. त्याने आधी हॉटेलात फोन करून विचारलं, फॅमिली रूम वरतीच होती, मग ते खालीच बसले, पंख्याखाली, गल्ल्याजवळच्या टेबलावर, आणि नानांनाही घेऊन गेले. बिलात सूट काही मिळाली नाही. आईने सुरमई पूर्ण संपवली आणि सोलकढी दुसऱ्यांदा मागितली.